विहिरीच्या वाटेवरची गुलछडी

३ जानेवारी १९७९, बुधवार

शाळेनं निरोप देताना तीन वस्तू दिल्या: भिंतीवरचं घड्याळ, शाल आणि ही डायरी. घड्याळ नाताळातच बंद पडलं. शाल टोचते. राहिली डायरी, ती तरी वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतली आहे.

निवृत्तीला अजून अवकाश होता, हे आधी नोंदवून ठेवते. नोव्हेंबरात जिन्यावर सातवीतली एक पोरगी बाजूनं येऊन धडकली आणि मी घसरत खाली गेले. पोरीला दटावायचं सोडून मुख्याध्यापिका सिस्टर मलाच म्हणाल्या, "क्लेमेंटीनबाई, एकदा डोळे दाखवून घ्या ना." मला! शेवटच्या बाकावरची चिठ्ठी मी फळ्यावर लिहिता लिहिता पकडत असे. त्याच संध्याकाळी वसईत चष्मेवाल्याकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीच, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. चष्मेवाला म्हणाला, "बाई, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत." त्याचा कागद आणि माझा राजीनामा एकदमच सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी राजीनामा घेतला. मला वाटलं होतं, घेणार नाहीत.

आता घरात आम्ही दोघं. मुलगी व्हेरोनिका मुंबईत नर्स आहे, तिथंच राहते, महिन्यातून एखादा रविवार येते. आणि आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान प्लासिड, मीठ खात्यातून निवृत्त. हयातभर मिठागरांचे हिशेब लिहिले, त्यामुळे त्यांना हिरवं काही दिसलं की भरून येतं.

१४ जानेवारी, रविवार

माझ्या भावानं, व्हॅलेरियननं, सोपाऱ्याची वाडी इमारतवाल्याला विकली. बाबांची विहीर बुजवणार आणि तिच्यावर लोकांचे संडास येणार. व्हॅलेरियन म्हणतो, प्रगती आहे. त्यानं नवी विजार शिवली आहे, ती पाहून प्रगतीची खात्री पटली.

साहेब देवळातली मिस्सा आटोपून परस्पर तिकडे गेले आणि दुपारी खांद्यावर गोण घेऊन आले. वाटलं, शहाणपणानं नारळ आणले असतील. ओटीवर ओतली तर मातीनं भरलेले कांदे.

"हे काय?"

"गुलछडीचे कांदे. तुझ्या बाबांच्या वाटेवरचे. बुलडोझरखाली गेले असते."

"जाऊ द्यायचे होते."

साहेब एकेक कांदा हातात घेऊन माती झाडत बसले. मग म्हणाले, "बाबांनी विहिरीच्या वाटेला दोन्हीकडून गुलछडीच का लावली होती, कधी विचारलंस त्यांना?"

"विचारायचं काय त्यात? ताडीचा वास झाकायला."

साहेबांनी पुढचा कांदा उचलला. शेवटची काही वर्षं बाबा भिंत धरून चालत, हंडे लाथाडत, समोरून आलेल्या माणसाला ओळख देत नसत. सगळा गाव म्हणायचा, ताडी. मी तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात होते. सुट्टीला आले की लाज वाटायची, म्हणून येणंच कमी केलं. असल्या माणसाला फुलांचा शौक. आणि त्याचे कांदे आता माझ्या ओटीवर वाळताहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

गावातल्या लोकांना काय झालं आहे कळत नाही. हल्ली सगळे बाजूनं येतात. ना खोकत, ना चपला वाजवत. आज बाजारात एका कोळणीच्या टोपलीवर पाय पडला. टोपली रस्त्यात, आणि बोंबलणार ती. "बाई, दिसत नाय काय?" म्हणाली. मी म्हटलं, मला दिसतं, तुझे बोंबील शिळे आहेत तेही दिसतं.

घरी आले तर शेजारची शांता कुंपणापाशी उभी. शांता आणि तिचा नवरा नरहरी, यांची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून. म्हणाली, "काय गो बाय, कटे सालली होतीस हकाळी? तुला हाक मारून माझा घसा हुकला. हात केला तरी बघत नाय. शाळा सुटली तरी नाकानं कांदे सोलायचे हुटले नाय तुझे."

मी म्हटलं, हात करायचा तर समोर येऊन करावा, कुंपणाआडून नव्हे. आणि मी शाळेत तीस वर्षं पोरांच्या तोंडून ही घरची बोली काढण्यात घालवली, ती मला ऐकवू नये. शांता हसत निघून गेली. तिला वाईटही वाटत नाही, हीच तिची पंचाईत आहे.

कपडे वाळवायच्या बांबूचा टोला पुन्हा खांद्याला बसला. साहेबांनी संध्याकाळी तो बांबू काढून घराच्या मागच्या भिंतीला लावला. मी सांगितलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आज राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, वेदीवर फूल नाही. फादर म्हणाले, यंदा प्रत्येकानं एक गोष्ट सोडा, शक्यतो राग. मी साखर सोडली.

साहेबांनी काय सोडलं कळत नाही, पण एक नवं खूळ मात्र धरलं आहे. गेल्या आठवड्यात म्हणू लागले, "मला डोळ्यांना त्रास होतो आहे, मुंबईत मोठ्या डॉक्टरला दाखवायचं आहे, तू सोबत चल." साहेबांना अंगणातून माडावरचा नारळ कोवळा की जून ते कळतं, त्यांना कसला त्रास! मी म्हटलं, तुमचे डोळे, तुम्ही जा. मग सोमवारी गेले. व्हेरोनिकानं म्हणे तिच्या ओळखीचे डॉक्टर गाठून दिले. परत आले ते ना चष्मा, ना औषध.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, माणूस स्वतः आल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

आता याला काय म्हणावं? हे स्वतःच तर गेले होते. एवढं शिकून डॉक्टर झालेल्या माणसाचं डोकं असं, आणि त्याला भेटायला आमच्या घरचा माणूस गाडीभाडं खर्चून जातो.

११ मार्च, रविवार

भांडण झालं. नीट लिहून ठेवते.

पायरीपासून विहिरीपर्यंतच्या वाटेला माझ्या मे फ्लॉवरची रांग आहे. हा खरा कांदा. वर्षभर जमिनीखाली गप्प असतो, मे महिन्यात एक देठ, त्यावर तांबडा चेंडू, वास शून्य. शिस्तीचं फूल. रांगेच्या कडेला मी तिरप्या विटा रोवल्या आहेत. गेल्या वर्षीपासून त्या विटा मला ठेचा देतात, ही गोष्ट वेगळी, विटा हलल्या असतील.

दुपारी झोपून उठले तर साहेबांनी सगळ्या विटा उपटून ढीग घातलेला, आणि माझे मे फ्लॉवर एका टोपलीत.

"कुणाला विचारून?"

"अंगणातल्या क्रुसापाशी लावतो. तिथं शोभतील. मेच्या प्रार्थनेला लोक येतात ते बघतील."

"आणि इथं?"

"इथं गुलछडी."

म्हणजे ताडीवाल्याचे कांदे माझ्या वाटेला. मी तोंडाला येईल ते बोलले, आणि माझ्या तोंडाला पुष्कळ येतं. साहेब ऐकत राहिले, मधूनमधून कांद्याची सुकी सालं काढत. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "बोलून झालं? आता तो फावडा ओलांडून ये, तुझ्या डावीकडे आहे." फावडा मला दिसला होता. ते बोलल्यावर दिसला, पण दिसला.

राग सोडला नाही ते बरंच झालं. साखरेवर भागलं नसतं.

२० मार्च, मंगळवार

साहेबांची बागाईत जोरात आहे. वाटेची माती खणली, शेण घातलं, रेती घातली. विहिरीभोवती गुलछडी, इतकी दाट की मुंगीला शिरायला जागा नाही. मोरीचं पाणी जातं तिथं सोनटक्का. ओटीच्या पायरीला भुईचाफा, तो नरहरीनं दिला. गुलछडी उरली ती फाटकाला. सगळी पांढरी नाहीतर पांढुरकी, सगळी वासाची. मी म्हटलं, रंगाचं काही लावा की, इथं अत्तराचं दुकान काढायचं आहे का? म्हणाले, "रंग काय, कुठल्याही फुलाला असतो."

हे उत्तर झालं का? पोरांनी असलं उत्तर लिहिलं तर मी शून्य देत असे.

कुंपणाला, फाटकापासून पायरीपर्यंत, सुंभाची दोरी बांधली आहे. विचारलं तर म्हणे वेल चढवायचा आहे. वेल कुठं आहे? येईल म्हणे.

१५ एप्रिल, ईस्टर

भुईचाफा मधेच कुठून तरी उगवला. पान नाही, देठ नाही, मातीतून नुसती फुलं. आज सकाळी मिस्साला निघताना पायरीवरून थेट त्यांच्यावर पाय ठेवला. वास भसकन वर आला. कोण असलं फूल पायाखाली लावतं? साहेब म्हणाले, "कळलं ना, पायरी संपली ते?" मी म्हटलं, पायरी कुठं संपते ते मला या घरात लग्न होऊन आल्यापासून माहीत आहे.

देवळात एक प्रकार घडला. चाळीस दिवसांच्या बोडक्या वेदीनंतर आज फुलं, आणि फुलांच्या मांडणीचं काम माझ्याकडे. कुणा शहाणीनं लिलीची मोठी कुंडी माझ्या कोपराशी आणून ठेवली, न सांगता. मी वळले आणि कुंडी वेदीच्या पायऱ्यांवरून फुटत खाली गेली. बायका तुकडे वेचू लागल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "बाई, कुंडी तुम्हीच ठेवली होती." खोटं बोलायची जागा तरी पाहावी.

घरी येऊन बराच वेळ बसून होते. कुंडी मी ठेवली असेन का? ठेवली असेन तर विसरले असेन. विसरणं वेगळं. विसरायला वय झालं आहे माझं.

१९ मे, शनिवार

आज आमच्या क्रुसाची पाळी. मे महिनाभर रोज संध्याकाळी आळीतल्या एकेका क्रुसापाशी माळेची प्रार्थना होते, आज सगळे आमच्याकडे. उकडलेले चणे आणि सरबत केलं. व्हेरोनिका मुद्दाम आली होती.

माझे मे फ्लॉवर वेळेवर फुलले, दर वर्षीप्रमाणे. क्रुसासमोर तांबडे चेंडू पाहून लोक थक्क झाले. मी म्हटलं, माझे आहेत, यांनी फक्त जागा बदलली. शांता प्रार्थनेला नसते, पण चण्याला असते. म्हणाली, "दोन अंगाला पण लावलेत गो, केवढे मोठे!" मी म्हटलं, कुठं? तिनं बोट दाखवलं, मान वळवली तेव्हा दिसले. गर्दीत कुणाला दिसणार?

दिवे लागल्यावर प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसत होतं. व्हेरोनिकाला म्हटलं, हल्ली कसले दिवे निघतात, इंद्रधनुष्यच पाडतात. तिनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान खाली घातली. या दोघांचं काहीतरी शिजतं आहे. लग्नाचं असेल तर मला आधी सांगावं, शिक्षकी पेशातला मुलगा नको म्हणून मी आधीच सांगून ठेवलं आहे.

जाताना म्हणाली, "आई, एकदा माझ्या हॉस्पिटलात येशील? सगळ्याच तपासण्या करून घेऊ."

"आजारी माणसं जातात हॉस्पिटलात."

"मग मला बघायला ये."

"तुला इथं बघते आहे की."

रडवेली झाली. नर्सनं इतकं हळवं असू नये.

१२ जुलै, गुरुवार

अमेरिकेचं अंतराळातलं घर खाली पडणार म्हणून दोन दिवस सगळी वसई आभाळाकडे तोंड करून फिरत होती. नरहरीनं तर केळीच्या बागेत खाट टाकायचं बंद केलं, जणू ते यंत्र नेमकं त्याच्याच खाटेचा पत्ता विचारत येणार होतं. आज कळलं, ते तिकडे दूर ऑस्ट्रेलियात पडलं. शांताला हायसं वाटलं, ऑस्ट्रेलियाचं काही का होईना.

मी म्हटलं, वर बघून चालणारे सगळे खड्ड्यात पडतात, वरून काही पडायची गरज नसते. हे बोलून वळले ते थेट साहेबांच्या सायकलवर. नडगी सोलवटली. साहेबांनी हळद लावली आणि सायकल मागच्या खोलीत नेऊन ठेवली. पाऊस असो नसो, आता तिथंच ठेवणार म्हणे.

गुलछडीला छड्या आल्या आहेत. संध्याकाळी घरभर वास. मला बाबांच्या ओटीची आठवण येते आणि जेवण जात नाही.

२१ जुलै, शनिवार

झालं ते आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी वीज गेली, मोटर बंद, घागरीत पाणी नाही. साहेब नरहरीकडे गेले होते. म्हटलं, विहिरीवरून ओढून आणू. वाट माझ्या पायाखालची आहे. पाऊस थांबला होता, उजेड फार नव्हता, पण होता. घागर आणि दोर घेऊन निघाले. विहिरीचा अलीकडचा कठडा गेल्या पावसाळ्यात ढासळला आहे. गवंडी येईन येईन म्हणतो, पाऊस गेल्यावर येईल. मला वाटत होतं, मी अजून वाटेवरच आहे.

आणि एकदम गुलछडीचा वास आला, नाकात बसणारा. मी चिडून थांबले. साहेबांना शिव्या द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून हाक आली, साहेबांची, पण साहेबांच्या आवाजात नव्हे: "क्लेमेंटीन! कटे सालली? थांब! हालू नको!"

लग्नापासून या माणसानं माझ्यासमोर घरची बोली बोललेली नाही. मी बोलू दिलेली नाही. मी हलले नाही. खाली पाहिलं तर पायाच्या बोटांपुढे दगड नव्हता. पाणी दिसत होतं.

साहेबांनी मला मागे ओढलं. गुलछडी सगळी चिरडली गेली आमच्या पायांखाली. मी म्हटलं, "वास आला म्हणून थांबले." ते म्हणाले, "हां." आणि रडू लागले. मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून घागर उचलून आणली.

२२ जुलै, रविवार

व्हेरोनिकाला साहेबांनी बोलावून घेतलं. आल्या आल्या तिनं मला खुर्चीत बसवलं, समोर बसली. "आई, माझ्या नाकाकडे बघ. दुसरीकडे बघायचं नाही. माझा हात दिसला की सांग."

मी तिच्या नाकाकडे पाहत बसले. नाक तिच्या आत्यावर गेलं आहे. बराच वेळ झाला. म्हटलं, "आण की हात."

"हात केव्हाचा इथंच आहे, आई."

मी मान वळवली. तिचा हात माझ्या कानाजवळ होता, बोटं हलत होती. दुसऱ्या बाजूलाही. किती वेळ हलत होती कुणास ठाऊक.

तिला म्हटलं, तुमच्या हॉस्पिटलात असले खेळच शिकवतात वाटतं. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

४ ऑगस्ट, शनिवार

मुंबईला गेले. मी गेले, मला नेलं नाही, हे नोंदवते. डॉक्टर तरुण, टाय वाकडा. तक्ता वाचायला लावला, मी छापखान्यासकट वाचला. तो म्हणाला, "वा!" आणि मग एका मोठ्या गोलाकार भांड्यात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी फार थोड्या वेळा दाबलं. वाटलं, यंत्र बिघडलं आहे.

काचबिंदू. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर कडांकडून मरत येते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतं. मी विचारलं, "म्हणजे मजकूर शाबूत आहे, समास गेला?" डॉक्टर म्हणाला, "अगदी बरोबर, बाई." गेलेला समास परत येत नाही. थेंब नेमानं घातले तर मजकूर वाचवायचा प्रयत्न करता येईल. खात्री देत नाही म्हणाला. वर्षभर आधी आला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाला. साहेब खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

मग विचारलं, "घरात कुणाला होतं? आई, वडील?"

"नाही," मी म्हटलं. "वडील ताडी प्यायचे."

"प्यायचे नाहीत," साहेब म्हणाले. डॉक्टरसमोर, मला खोटं पाडून.

१९ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे साहेबांशी बोलले नाही. थेंब ते घालतात, मी डोळे उघडे ठेवते, तेवढाच व्यवहार. आज मीच विचारलं, "तुम्हाला काय ठाऊक बाबांचं?"

साहेबांनी सांगितलं. लग्नाआधी ते सोपाऱ्याच्या मिठागरावर कामाला होते आणि प्यायचं पाणी बाबांच्या विहिरीवरून नेत. एकदा बाबा गुलछडीचे कांदे लावत होते, चाचपडत, वाटेच्या दोन्ही कडांना. साहेबांनी विचारलं, काका, तुम्हाला दिसत नाही? बाबा म्हणाले, "डोळे गेले तं गेले, नाक हाय ना. वास आला का विहीर आली." मग साहेबांचा हात धरून म्हणाले, "पोरीला हांगू नको. ती शिकते हाय. कळलं तं सगळं टाकून घरी येईल."

"आणि गाव ताडी म्हणत होता ते?"

"म्हणू दे म्हणाले. दारुड्यासाठी कुणाची पोर शिक्षण सोडून येत नाही."

मी म्हटलं, "आणि तुम्ही एवढी वर्षं तोंड शिवून बसलात?"

"शब्द दिला होता. आणि बाबांचा विषय काढला की तू उठून जायचीस."

"मग यंदा तरी सांगायचं, माझं डोकं आपटत होतं तेव्हा."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

विचार करून उत्तर दिलं. नसतं ऐकलं. सिस्टरांचं ऐकलं नाही, शांताचं नाही, पोरीचं नाही. यांना तर मी चहात साखर किती तेही विचारत नाही. म्हणून हा माणूस फावडा घेऊन वाट खणत बसला. दोघेही मूर्ख, एक मेलेला, एक जिवंत. इतकी मूर्ख माणसं माझ्याच वाट्याला कशी आली?

मग खूप रडले. डॉक्टर म्हणाला होता, थेंब घातल्यावर लगेच डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका. वाया गेला तो थेंब.

९ सप्टेंबर, रविवार

काल मारिया मातेचा जन्मदिवस. देवळात फुलं न्यायची होती. साहेबांनी गुलछडी कापून दिली आणि मी नेली. वेदीजवळ गेले नाही, मागच्या बाकावर बसले. शांता तिच्या सुनेबरोबर मेणबत्ती लावायला आली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तोंडापुढे हात हलवला. "समोर येऊन केला हो," म्हणाली. मी हसले नाही, पण रागावलेही नाही. तिनं ते सगळ्या आळीत सांगितलं असेल.

आज दुपारी एक काम केलं. साहेबांना ओटीवर बसवलं, माझ्या डोळ्यांना पदर बांधला आणि पायरी उतरले. साहेब धावत आले. "बसा," मी म्हटलं, "परीक्षा तुमची आहे." दोरी धरून फाटकापर्यंत गेले, तिथून विहिरीकडे, तिथून मोरीला, मोरीवरून परत पायरीला. दोनदा चुकले. दोन्ही वेळा चूक साहेबांची.

पदर सोडून निकाल सांगितला. पहिली चूक: गुलछडी विहिरीलाही आणि फाटकालाही. उरली म्हणून कुठंही लावायची? वास आला की विहीर की फाटक, हे माणसानं ठरवायचं कशावरून? फाटकाची सगळी उपटा. तिथं पावसाळी लिली लावा किंवा काही लावू नका, दोरी आहे. दुसरी: भुईचाफा एप्रिलपुरता. उरलेलं वर्ष पायरीला कसलाच वास नाही. तिथं गवती चहा लावा, लुगडं घासलं की बारा महिने कळतं. सोनटक्का बरोबर. तिसरी, कठडा. गवंडी उद्या आला नाही तर मी स्वतः जाऊन त्याला घेऊन येईन, दिसो न दिसो.

"गुण किती?" साहेबांनी विचारलं.

"दहापैकी सहा."

"एवढेच?"

"उत्तीर्ण आहात. तक्रार करू नका."

साहेब फाटकाची गुलछडी उपटायला गेले. मी ओटीवर बसून त्यातले कांदे वेगळे करू लागले. लहान पिल्लं एका बाजूला, मोठे एका बाजूला. बाबांच्या वाडीतले आहेत हे. बाबांनी विहिरीला एकच वास ठेवला होता, दुसरीकडे कुठंही नाही. आणि त्या वाटेवरून ते रोज दोन घागरी पाणी आणत. सगळा गाव त्यांना दारुड्या म्हणत असताना, मीही म्हणत असताना, तो माणूस इतकी वर्षं विहिरीवर जाऊन आला आणि एकदाही पडला नाही. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, चांगले डोळे असलेल्या कुणाच्याच?